कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं विणकाम

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी साताऱ्यात राहते, वय ३६. घरात मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. माझ्या धाकट्या बहिणीला जानेवारीत बाळ होणार आहे, पहिलंच. बाळंतविडा मीच विणणार, असं डोहाळजेवणात सगळ्यांसमोर सांगून बसले. पांढऱ्या ४ प्लाय बेबी वुलचा, छातीवर पिवळ्या हत्तींची ओळ असलेला १८ इंची स्वेटर गणपतीनंतर सुरू केला. पाठ झाली. पुढचा एक भाग झाला, तर तो पाठीपेक्षा बोटभर लांब आणि खालून तिरका. मध्येच लोकर संपली. त्याच दुकानातून त्याच कंपनीची पांढरी आणली, तर ती पिवळट दिसते. स्वयंपाक करता करता विणते, त्यामुळे मोजदाद चुकते. परवा मुलाने सुई ओढली आणि सात-आठ टाके सुटून खाली गेले. त्यातच मागच्या वर्षी नवऱ्यासाठी शुद्ध लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर केला होता, तो सासूबाईंनी टॉवेलांबरोबर मशीनला लावला आणि आटून गेला. नवरा म्हणतो, ‘रेडिमेड छान मिळतात, एवढा जिवाला त्रास कशाला?’ तो रागाने म्हणत नाही, पण मला रडू येतं. स्वेटर उसवू का? की बहिणीला सरळ ‘जमत नाही’ म्हणून सांगू? आणि घर सांभाळून विणणाऱ्या बायका वेळ आणतात तरी कुठून?

— एक वाचक, सातारा

उत्तर : प्रिय मैत्रीण,

स्वेटर उसवा. बहिणीला ‘जमत नाही’ असं मात्र कळवू नका. तुमचा हात चांगला आहे, हे पत्रावरूनच कळतं. भाग तिरका झालाय, पांढऱ्यात फरक पडलाय, या गोष्टी ज्या बाईला दिसतात तिला विणता येतं. अडलंय ते दुसरीकडे. तुम्ही तुटक वेळेत सलग वेळेचं काम करायला बसलात.

आधी जानेवारीचं बघू. जन्मलेल्या बाळाची छाती साधारण १३ इंच भरते. तुमचा १८ इंची स्वेटर त्याला चार-पाच महिन्यांनी अंगासरशी होईल, म्हणजे मे-जूनमध्ये. साताऱ्यात काय किंवा तुमच्या बहिणीच्या गावी काय, तेव्हा तो कोण घालणार? उन्हाळा, मग पाऊस, आणि खरी थंडी पुन्हा येईल तेव्हा ते बाळ दहा-अकरा महिन्यांचं, उभं राहायला धडपडणारं असेल. वर्षाच्या बाळाची छाती साधारण १८ इंच असते, आतले कपडे आणि सैलपणा धरून स्वेटर २० इंची हवा. म्हणजे डिसेंबरच्या आत हातघाईने संपवायचा जो स्वेटर तुमची झोप उडवतोय, तो तयार झाला तरी यंदा उपयोगाचा नाही. तो पुढच्या थंडीसाठी २० इंची करा. तुमच्या हाताशी दहा महिने आहेत.

मग यंदा काय? दुपटं आणि टोपरं. पहिल्या थंडीत आईला याच दोन गोष्टी दिवसातून दहादा लागतात. स्वेटर तेवढ्यापुरता एक रेडिमेड असू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

दुपटं चौकोनांचं करा, आणि चौकोन कोपऱ्यातून विणा. एका टाक्याने सुरुवात करायची. सगळ्या ओळी सुलट. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा, तिकोन मोठा मोठा होत जातो. त्याची कड सहा इंच भरली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा, शेवटी पुन्हा एकच उरतो. झाला चौकोन. यात मोजायचं काही नाही. कितवी ओळ हे लक्षात ठेवायचं नाही. दूध उतू जायला लागलं, दारात कुरियरवाला आला, सासूबाईंनी हाक मारली, तर खाली ठेवा आणि उठा. परत आल्यावर हातातला तिकोन वाढतोय की घटतोय एवढंच बघायचं, आणि ते डोळ्यांनाच दिसतं. एखादा दिवस हात सैल पडला, एखादा दिवस घट्ट, तरी कड सहा इंच भरेपर्यंत विणायचं असल्यामुळे सगळे चौकोन एकमेकांना बसतात. असे २५ केले, पाच ओळी पाचाच्या, की ३० इंचांचं दुपटं होतं. बाळ गुंडाळायला आणि पुढे गाडीत पायांवर घ्यायला तेवढं पुरतं. पांढऱ्यात अधूनमधून तुमचा पिवळा घाला, हत्तींसाठी आणलेला आहेच.

तुकड्यांतून मोठं काम उभं राहतं, याची सर्वांत मोठी साक्ष आपल्याच देशात आहे. चेन्नईतून सुरू झालेल्या क्रोशा करणाऱ्या बायकांच्या एका गटाने २०१६ साली ११ हजार चौरस मीटरहून मोठं पांघरूण जोडून जगातला विक्रम केला. तेही ठिकठिकाणच्या बायकांनी आपापल्या घरी बसून केलेले चौकोन होते. ते करतानाही कुणाकुणाच्या गॅसवर काही ना काही शिजत असणारच.

टोपऱ्याला डोक्याचा घेर लागतो. जन्मतः तो १४ इंचांच्या आसपास असतो, पण १ सुलट १ उलट अशी वीण ताणली जाते, म्हणून १२ इंचांच्या हिशेबाने टाके घाला. तुमच्या ४ प्लायला १० नंबरच्या सुईवर इंचाला सात टाके येत असतील तर ८४. बंद आखूड ठेवा आणि बाळ झोपताना सोडायला बहिणीला सांगा. मानेभोवती लांब रिबन, गोंडे, मण्यांच्या माळा मुळीच नकोत. आणखी एक, हे बहिणीच्या सासरी आणि माहेरी दोन्हीकडे सांगायचं. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर शेकतात, ओव्या-वेखंडाची धुरी देतात. डॉक्टर धुरी नकोच म्हणतात, आणि त्यांचं ऐकावं. पण घरातल्या मोठ्यांनी नाहीच ऐकलं, तरी निखाऱ्याजवळ ॲक्रिलिकची वस्तू बाळाच्या अंगावर असता कामा नये. बेबी वुल म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, आणि ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. त्या वेळी सुती दुपटं.

आता तुमचा तिरका भाग. उसवायच्या आधी एकदा मांडीवर घेऊन नीट बघा, कारण चूक नेमकी कुठली ते कळलं तर पुढचा स्वेटर सरळ होईल. दोन्ही कडांच्या ओळी वेगवेगळ्या मोजा. एका कडेला दुसरीपेक्षा दोन, चार, सहा अशा जोडीने जास्त ओळी आल्या, तर तुम्ही मध्येच ओळ सोडून उठलात आणि परत आल्यावर उलट्या दिशेने विणायला लागलात. अर्ध्यातून मागे वळलं की तेवढ्याच बाजूला दोन ओळी वाढतात, आणि वळल्या जागी बारीक भोक राहतं. उजेडासमोर धरा, दिसेल. यावर उपाय सोपा आहे. अर्ध्या ओळीतलं काम पुन्हा हातात घेताना गुंड्याकडून येणारा धागा उजव्या हातातल्या सुईवरून निघत असला पाहिजे. डाव्या सुईवरून निघत असेल तर सुया उलट धरल्यात, फिरवून घ्या. आणि शक्य तितकं ओळ पुरी करूनच उठा. भाजी दहा सेकंद थांबते.

दोन्ही कडांच्या ओळी सारख्या आल्या, पण पाठीपेक्षा एकूण जास्त भरल्या, तर मोजदाद चुकली. दर दहा ओळींनी कडेच्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवायची सवय लावा. कागदावर रेघा मारायला ओले हात चालत नाहीत, पिनेला चालतात. आणि ओळी पाठीइतक्याच असूनही भाग लांब असेल, तर हात सैल पडलाय. बहुतेक बायकांचा हात दिवसभरात बदलतो. दुपारी निवांत बसलेली बाई आणि रात्री अकराला डोळे ओढत बसलेली बाई एकच असली, तरी दोघींचा टाका एक नसतो. किती फरक पडतो ते सांगते. १८ इंचांसाठी इंचाला सात टाक्यांनी तुम्ही एकूण १२६ टाके धरता. हात सैल होऊन इंचाला साडेसहाच आले, तर तोच स्वेटर साडेएकोणीस इंचांच्या जवळ जातो. घट्ट होऊन साडेसात आले तर सतराही भरत नाही. अर्ध्या टाक्याचा हा खेळ आहे. म्हणून सुरुवातीला पाच इंचांचा नमुना विणून, धुऊन, वाळवून, मधल्या चार इंचांतले टाके मोजायचे. हा नमुना टाळायचा मोह सगळ्यांना होतो. टाळू नका.

नव्या स्वेटरला पाठ आणि पुढचे दोन भाग वेगळे करूच नका. २० इंची म्हणजे १४० टाके : मधले ७० पाठीचे, दोन्ही कडांना ३५-३५ पुढचे. सगळे एकाच सुईवर घाला आणि मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही सुरू होते तिथपर्यंत, एकसंध विणत जा. लहान बाळाच्या मापात एवढे टाके लांब सुईवर आरामात मावतात. मग पाठ लांब की पुढा लांब हा प्रश्नच उरत नाही, आणि काखेखाली टोचणारी शिवणही नाही. बाह्यासुद्धा दोन्ही एकदम : एकाच सुईवर शेजारी शेजारी, दोन वेगळ्या गुंड्यांनी. इकडे घटवलं की लगेच तिकडे घटवायचं. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच स्वेटरला हे करायला लावते. दोन बाह्या दोन मापांच्या होण्याचं दुःख त्यांना माहीतच नसतं.

पांढऱ्यातला फरक दुकानदाराने फसवल्यामुळे आलेला नाही. गुंड्याच्या कागदी पट्टीवर शेडच्या क्रमांकाशेजारी लॉट नंबर छापलेला असतो. रंगाची प्रत्येक घाणी थोडी वेगळी उतरते, पांढऱ्यातसुद्धा. जुनी पट्टी सापडली तर दुकानात त्या लॉटची विचारून बघा. नाही मिळाली तरी बिघडत नाही. पाठ उसवल्यावर तुमच्याकडे दोन्ही लॉट असतील, त्यांच्या दोन दोन ओळी आलटून पालटून विणत चला. फरक अंगभर पसरला की डोळ्याला लागत नाही, एका जागी रेघ आली तरच लागतो.

उसवलेली लोकर तशीच विणायला घेऊ नका, ती कुरळी झालेली असते आणि टाके खडबडीत येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता पंच्यात दाबून पाणी काढा आणि दांडीवर अडकवून खाली एखादी हलकी वाटी बांधा. सरळ होते. भिजवताना हळदीचा डाग दिसला तर घाबरू नका. साबणाने जाईल तेवढा काढा आणि लडी उन्हात घाला, हळद उन्हाने उडते.

आणि हत्ती. ते गोड दिसतात, पण दोन रंगांनी विणताना मागच्या बाजूने न लागणारा धागा लोंबत जातो, आणि त्यात बाळाची इवली बोटं अडकतात. अडकलेलं बोट सुजेपर्यंत कुणाला कळतही नाही. शिवाय ही नक्षी एकेक टाका मोजून करायची, ती कुकरशेजारी होणार नाही. स्वेटर साधा पांढरा विणा, पुरा झाल्यावर बोथट सुईत पिवळा धागा ओवून टाक्यावर टाका भरत हत्ती काढा. मागे मोठे धागे सोडू नका. अकरा महिन्यांचं बाळ स्वेटरवरचा हत्ती बोटाने दाखवायला लागलेलं असेल. त्याला तो कळेल तरी.

मुलाने सुई ओढली म्हणून सुटलेले टाके या खेपेला उसवण्यातच जातील. पुढे असं झालं तर आधी मोकळ्या टाक्यात सेफ्टी पिन घाला, म्हणजे टाका आणखी खाली धावत नाही. मग क्रोशाच्या सुईने सुलट बाजूकडून एकेक आडवा धागा त्या टाक्यातून ओढत वर या. पाच मिनिटांचं काम आहे. मुलगा किती वर्षांचा ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण सुई ओढण्याइतका मोठा असेल तर गुंडा करायला बसण्याइतकाही मोठा आहे. त्याच्या दोन्ही हातांत लडी अडकवा. मुलांना ते फार आवडतं, आणि ज्या कामात आपला हात लागला ते मूल सहसा ओढत नाही.

सासूबाईंवर रागावू नका. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं तिन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. एकदा आटलं की मागे येत नाही. तो स्वेटर टाकू नका, मोठ्या मुलाला होतोय का बघा. नाहीच झाला तर दुहेरी करून गरम भांडं उतरायला त्याची जाड फडकी शिवा. आटलेली लोकर उष्णता छान अडवते आणि सहज पेट घेत नाही, स्वयंपाकघरात ती वर्षानुवर्षं टिकेल. पण पुढचं बोलणं करा. लोकरीचे कपडे मशीनच्या आसपास ठेवायचेच नाहीत, त्यांची बादली वेगळी. आणि सासूबाईंना ती बादली त्यांच्या ताब्यात घ्यायला सांगा. ज्यांच्या हातून कपडा गेला त्यांनाच त्याची जास्त चुटपुट असते. त्यांनीही कधी काळी सुया हातात धरल्या असतील, विचारा. चौकोन जोडणं हे बसल्या बसल्या होईल असं काम आहे. बहिणीसाठी विडा विणताय, तर त्या बाळाच्या सख्ख्या आजी नाहीत हे मोजत बसू नका.

आता वेळेचं. तुमच्या सगळ्या पत्रात मला हीच ओळ जास्त लागली. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर माणसांच्या दिवसाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जात होती. पुरुषांची ९७, आणि तीही जे मुळात घरकाम करतात त्यांची. असे पुरुष शंभरात सव्वीस होते. म्हणजे वेळ ‘आणायचा’ कुठून हे कोडं तुमच्या एकटीच्या नियोजनाचं नाहीच. तो आधीच दुसरीकडे खर्च झालेला असतो. पहाटे चारला उठा, मोबाइल कमी बघा, असले सल्ले तुम्हाला देणाऱ्या खूप भेटतील. मी देणार नाही. झोप तोडून विणलेला टाका एकसारखा येत नाही, ते वर सांगितलंच आहे.

तुमचे यजमान म्हणतात त्यात मला कळकळ दिसते. बायको विणकाम घेऊन रडतेय हे त्यांना बघवत नाही, आणि त्यावर त्यांना सुचणारा उपाय दुकानातला आहे. किमतीवरून वाद घालू नका. हाताने विणलेला स्वेटर लुधियानाच्या मशीनपेक्षा स्वस्त कधीच पडणार नाही. त्यांना दुसरा उपाय सुचवा, आणि नेमका सुचवा. ‘मला जरा मदत करत जा’ असं म्हटलं तर कुणीच काही करत नाही. ‘रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर चार ते सहा मी दार लावून बसणार, चहा आणि मुलं तुमच्याकडे’ हे म्हटलं तर होतं. पुढ्याचे मुंढे घटवणं, गळा, बाह्या बसवणं, हत्ती भरणं, म्हणजे मोजून करायचं सगळं त्या दोन तासांत. बाकी आठवडाभर कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये, मुलांच्या क्लासबाहेर, दवाखान्याच्या बाकावर फक्त चौकोन. पिशवी झाकणाची ठेवा. पांढऱ्या लोकरीला फोडणीचा वास पटकन लागतो.

पहिला रविवार ते विसरतील. दुसऱ्याला आठवण करा, चिडू नका आणि सोडूही नका. तुम्ही हे मागताय ते छंदाचे लाड म्हणून नव्हे. तुम्ही कुणाला तरी शब्द दिलाय आणि तो नीट पाळायचाय, एवढं कारण पुरेसं आहे. शब्द दिला नसता आणि नुसतं विणावंसं वाटलं असतं, तरी पुरेसं होतं.

बहिणीला आजच फोन करा. स्वेटर पुढच्या दिवाळीला येणार आणि दुपटं जानेवारीत, असं सांगा. ती मोजत बसणार नाही, आणि लपवण्यासारखं यात काही नाही. बटणं आत्ता आणू नका. स्वेटर पुरा झाल्यावर काजांच्या मापाने आणा, चपटी, चार भोकांची, आणि दुहेरी दोऱ्याने पक्की शिवा, कारण त्या वयात बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. चौकोन जोडताना अडलात तर पुन्हा लिहा आणि एका चौकोनाचे फोटो सुलट-उलट दोन्ही बाजूंनी पाठवा. कड घट्ट होतेय की सैल, ते बघून सांगेन.